राजूर घाटातलं तिसरं वळण

वामनराव सरांची पिवळी गाडी माहीत नाही असा माणूस बुलढाण्यात सापडायचा नाही. आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर सरांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं खपून ती बांधली होती. लोखंडी पाइपांचा सांगाडा, भंगारात निघालेल्या एका छोट्या मोटारीचं इंजिन, फायबरचं अंग, दोनच सीटा आणि वर छप्पर नाही. सगळं मिळून वजन सव्वासहाशे किलो. पण पळायला अशी, की चिखली रोडला मोटारसायकलवाली पोरं तिच्या मागे लागून दमायची.

त्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला ती गाडी मलकापूर रोडवरच्या सारिकाच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. जळगाव जामोदच्या एका कॉलेजनं पोरांना दाखवायला म्हणून सरांना गाडीसकट बोलावलं होतं. राजूर घाट उतरायचा, मोताळा, नांदुरा करत दुपारपर्यंत पोचायचं. शेजारच्या सीटवर सरांची नात अपेक्षा बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, हातात मोबाइल धरून.

"सारिका, हवा पाह्य वं जरा," सर म्हणाले.

सारिका त्यांची विद्यार्थिनी. दुसरबीडहून आलेली, मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकोणतीस पोरांत एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी पोरं हसली तेव्हा सरांनी तिच्या हातात पाना दिला होता आणि हसणाऱ्यांना झाडू. त्याला वीसेक वर्षं झाली, पण सरांसमोर तिचा आवाज अजून खालीच असायचा.

ती हवेचा पाइप घेऊन वाकली, पण तिचं लक्ष हवेकडे नव्हतं. गाडी थांबताना पुढच्या डाव्या चाकातून किर्रर्र असा आवाज आला होता. लोखंडावर लोखंड ओढल्यासारखा.

"सर, ब्रेकचा आवाज येऊन राह्यला."

"येईनच. परवा नवे पॅड टाकले. पुण्याहून मांगवले, रेसच्या गाडीचे. थंडे असले की ते किरकिर करतात, पकडही कमी देतात. दोन-चार वेळा तापू दे, मंग पाह्य."

हे काही खोटं नव्हतं. तसले कडक पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणूनच ती अडखळली. तिनं चाकाच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. बाहेरचा पॅड चांगला जाड होता, डिस्कची बाहेरची बाजू गुळगुळीत चमकत होती. पण डिस्कला दोन्हीकडून दोन पॅड चिमटतात, आणि आतला पॅड बाहेरून दिसत नाही. त्यासाठी चाक काढावं लागतं.

"एक चाक खोलून पाह्यते सर. दहा मिनिटं लागतीन."

"काऊन?"

"असंच."

"असंच म्हणून कोनी चाक खोलत नसते," सरांचा आवाज चढला. "मी सोता बसवले ते पॅड. तुले बसवाले कोनं शिकवलं होतं?"

एवढ्या हलक्या गाडीला असले पॅड नकोत, हे तिच्या ओठावर आलं होतं, ते तिथंच राहिलं. सारिकानं मान खाली घातली. चारी चाकांत हवा भरून झाली. सरांनी इंजिन चालू केलं. तेवढ्यात तिची नजर अपेक्षाकडे गेली. पोरगी मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढत होती. एकोणीस वर्षांची असेल. पुढे घाट होता.

"सर," सारिका म्हणाली, "मले या गाडीत बसाची लय इच्छा हाय. घाटापुरती बसू द्या ना. अपेक्षा येते माह्या स्कूटीवर मांगून. खाली उतरलो की मी परत येते."

सर हसले. गाडीचं कौतुक केलं की ते विरघळत, हे सगळ्या बुलढाण्याला माहीत होतं. अपेक्षाला स्कूटीची चावी मिळाली, ती खुशीत उतरली. सारिकानं पान्यांची पिशवी आणि छोटा जॅक पायाशी टाकला.

"हे कायले?" सरांनी विचारलं.

"सवय हाय सर."

गाव मागे पडलं. रस्ता सपाट होता तोवर सगळं ठीक वाटलं. थंड वारा तोंडावर येत होता, इंजिन एका सुरात गात होतं. मग उतार लागला. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी.

पहिल्या वळणावर सरांनी ब्रेक दाबला. किर्रर्र. गाडीचं तोंड किंचित उजवीकडे गेलं, सरांनी स्टिअरिंग फिरवून ते सरळ केलं. इतकं थोडं, की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

"सर, गाडी उजवीकडं ओढून राह्यली."

"रस्त्याले उतार हाय तिकडं."

रस्त्याचा कल डोंगराकडे होता. सारिकाला तो दिसत होता. तिनं एक हात दोन सीटांच्या मधल्या हँडब्रेकवर ठेवला. दुसऱ्या वळणावर गाडीनं पुन्हा उजवीकडे ओढ घेतली आणि या वेळी मधली पांढरी पट्टी ओलांडून पलीकडे गेली. समोरून कुणी नव्हतं म्हणून निभावलं. जळक्या लोखंडाचा वास आला.

"सर, थांबा. बाजूले घ्या."

"तापून राह्यले आता. आता धरतीन," सर म्हणाले. पण त्यांच्या कानशिलावर घाम आला होता, आणि तो तिला दिसला.

तिसरं वळण एकदम तीव्र होतं. त्याच्या आधीचा उतार सरळ आणि लांब, त्यावर गाडीनं वेग घेतला. वळणाच्या तोंडाशी खालून चढत येणारी एसटी दिसली. लाल, भरलेली, अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापलेली. सरांनी ब्रेक दाबला. किरकिर नाही, आता सरळ किंकाळीच निघाली. सव्वासहाशे किलोची ती गाडी पानासारखी उजवीकडे वळली, थेट एसटीच्या तोंडासमोर. सर घाबरून आणखी जोरात दाबू लागले. जितकं दाबत, तितकी गाडी उजवीकडे जात होती.

"पाय काढा!" सारिका ओरडली. "ब्रेकवरचा पाय काढा, सर!"

एवढ्या वर्षांत ती सरांवर कधी ओरडली नव्हती. सरांनी पाय काढला. तिनं स्टिअरिंगला हात घालून ते डोंगराकडे वळवलं.

"क्लच! सेकंड टाका!"

गिअर कर्कश आवाज करत पडला, इंजिन बोंबललं, गाडीला हिसका बसला. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरत सारिका तो थोडा थोडा वर ओढत गेली, एकदम ओढला असता तर मागची चाकं अडकून गाडी गरकन फिरली असती. एसटीचा हॉर्न कानाशी वाजला. बसचा लाल पत्रा हातभर अंतरावरून सरकत गेला, खिडकीतली एक बाई तोंडावर पदर धरून त्यांच्याकडे पाहत होती. मग डावी चाकं डोंगराकडच्या नालीत उतरली, फायबर खडकाला घासलं, आणि गाडी थांबली.

एसटीचा ड्रायव्हर वर गाडी थांबवून ओरडला, "मराले निंगाले का बे?" मग दोघं हलताना दिसली तसा तो निघून गेला.

सारिकानं हात पंजाबी ड्रेसला पुसले आणि ती खाली उतरली. तिनं आणि सरांनी मिळून गाडी नालीतून ढकलून काठाच्या सपाट जागेवर घेतली. तोवर अपेक्षा स्कूटीवरून येऊन पोचली होती, रडवेली होऊन.

"काई नाही झालं," सर तिला म्हणाले आणि एका दगडावर बसले.

चाकांना दगड लावून सारिकानं जॅक चढवला. चाक निघालं. ब्रेक तापून निळसर पडला होता, तो निवेपर्यंत तिला थांबावं लागलं. मग तिनं पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडवला, कॅलिपर वर उचलला आणि आतला पॅड बाहेर काढला.

तो उलटा बसवला होता. घासायची मसाल्याची बाजू मागे, कोरीच्या कोरी. आणि पाठीचा लोखंडी पत्रा डिस्कवर. डिस्कच्या आतल्या अंगावर बोट अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. अशी चूक पहिल्या महिन्यातलं पोरगं करतं, आणि त्याला सगळा वर्ग वर्षभर चिडवतो.

"काय निंगालं?" सरांनी लांबूनच विचारलं. "पॅडच खराब होता ना? मी म्हटलंच. आजकाल माल चांगला येतच नाही."

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. सर तर त्याच उत्तराची वाट पाहत होते. नात शेजारी उभी होती. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच हात पॅड बसवणार होते, आणि शेजारच्या सीटवर पुन्हा हीच पोरगी असणार होती.

"सर," सारिका म्हणाली, "आतला पॅड उलटा बसला हाय."

सर उठून आले. त्यांनी पॅड हातात घेतला. वर्गात ते पोरांना डोळे मिटायला लावून एकेक भाग हातात द्यायचे आणि नुसत्या बोटांनी ओळखायला सांगायचे. आता त्यांनी स्वतः तसाच अंगठा फिरवला. पत्र्यावरून, मग मसाल्यावरून, मग पुन्हा पत्र्यावरून.

"मले दोन्ही बाजू सारख्याच लागतात," ते म्हणाले.

सारिकानं पॅडवरून नजर उचलून त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

"शेडमधला बल्ब गेलता त्या दिवशी. म्हटलं, हे काम तर मी आंधळ्यानंही करीन." ते थांबले. "दोन वर्सं झाले. शुगरनं बोटाले काई कळतच नाही. पायाचंही थोडं तसंच हाय."

"पायाचंही?" अपेक्षा ओरडलीच. "आबा! घरी काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर गाडी बंद केली असती तुमी."

"केलीच असती!" ती म्हणाली आणि तोंड फिरवून दरीकडे पाहत राहिली.

जुने, साधे पॅड डिकीत होते. सर कुठलीच वस्तू फेकत नसत. सारिकानं पुढच्या दोन्ही चाकांना तेच बसवले. उजवीकडचे पॅड सरळ होते. ती हात पुसत उठली तेव्हा सरांनी न मागता चावी तिच्यापुढे धरली. पहिल्या गिअरमध्ये, चढणीनं, ती गाडी परत वर घेऊन आली.

डिस्क लेथवर घासून गुळगुळीत करायला दीड तास गेला. तेवढा वेळ सर गॅरेजमधल्या बाकावर बसून होते. चहा आला तो गार झाला. पॅड बसवायची वेळ आली तेव्हा ते उठून तिच्यामागे उभे राहिले.

"हे रेसचे राहू दे," सारिका म्हणाली. "एवढ्या हलक्या गाडीत ते तापतच नाहीत नीट. जुनेच बरे."

"सकाळी तू हेच म्हणणार होती ना?"

"हो सर."

"मंग म्हटलं काऊन नाही?"

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी बोलू देलं का?"

सरांनी हळूच मान हलवली.

रिकाम्या रस्त्यावर तिनं गाडी आठ-दहा वेळा पळवली, थांबवली. स्टिअरिंग सोडूनही पाहिलं. गाडी सरळ रेषेत थांबत होती. दीड वाजता ती तिघं पुन्हा निघाली. गाडीत सारिका आणि सर, मागे स्कूटीवर अपेक्षा. तिसरं वळण आलं तेव्हा सारिकानं तोंडात ओढणीचं टोक धरलं होतं. शेजारी सर दोन्ही पायांनी पुढचा पत्रा दाबत होते, तिकडे ब्रेक नसतानाही.

जळगाव जामोदला पोचायला चार वाजले. निम्मी पोरं निघून गेली होती. जी उरली होती ती गाडीभोवती गोळा झाली. कुणी इंजिनाबद्दल विचारी, कुणी वेगाबद्दल, कुणी डाव्या अंगावरच्या ताज्या ओरखड्यांबद्दल.

"ते सांगतो," सर म्हणाले. त्यांनी खिशातून तो पॅड काढला आणि पुढच्या पोराच्या हातात दिला. "हा आज सकाळी या गाडीत उलटा बसलेला होता. राजूरच्या घाटात. याच्यानं दोन माणसं मेले असते, आन् एसटीतले किती ते सांगता येत नाही."

"कोणी बसवला असा?" एकानं हसत विचारलं.

"मी," सर म्हणाले. "एकतीस वर्सं हेच शिकवलं मी."

हसू थांबलं. पॅड एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागला. सारिका गर्दीच्या मागे उभी होती. सरांनी मान उंचावून तिला शोधलं आणि पुढे ये म्हणून हात केला. पण तिनं नकारार्थी मान हलवली, पिशवीतला पाना काढला आणि पुढच्या डाव्या चाकाचे नट आवळून पाहायला खाली बसली. सगळे घट्ट होते.