यादीतलं पहिलं नाव

"दोन शाळांच्या बाया येऊन गेल्या सकाळपासनं," कुसाबाई म्हणाली. "एक म्हणली, नातीला दप्तर देते. दुसरी म्हणली, गणवेश फुकट. तुमचं काय हाय?"

मे महिना होता, दुपारचे साडेबारा वाजले होते. सातपूरच्या कामगार वस्तीतलं हे मीनाचं चौदावं दार. ओढणीने घाम पुसत तिने हातातलं रंगीत पत्रक पुढे केलं आणि काहीतरी सांगायलाच हवं म्हणून म्हणाली, "मी गणित चांगलं शिकवते, आजी."

कुसाबाई जराही हसली नाही. खरंच विचारात पडली. "ते तर समद्याच शाळांत शिकवतात ना?"

कुसाबाईने दिलेलं पाणी पिऊन मीना पुढच्या दाराशी गेली. सतरा वर्षं तिने एकाच शाळेत गणित शिकवलं होतं आणि आज ती उन्हातान्हात गिऱ्हाईक शोधत होती.

तिच्या संस्थेच्या सहा शाळा होत्या. नाशिक शहरात चार, एक घोटीला आणि एक कळवणच्याही पुढे अकरा किलोमीटरवर. एप्रिलच्या शेवटी संस्थेने परिपत्रक काढलं. प्रत्येक शिक्षकाने मेअखेर पंधरा नवे विद्यार्थी आणायचे, आणि न आणणाऱ्याची 'संस्थेच्या गरजेनुसार' बदली होईल. संस्थेची गरज म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागलं नाही. कळवणच्या शाळेला सगळे 'काळं पाणी' म्हणत. तिथल्या मुलांचा त्यात काय दोष, हे कुणी मनात आणत नसे. मीनानेही आणलं नव्हतं.

मीनाचे पंधरा झाले. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलीच आता आया झाल्या होत्या, त्यांनी बाईंच्या शब्दाखातर मुलं पाठवली. वेदिकाचे नऊच झाले. वेदिका विज्ञानाची शिक्षिका, नोकरीला चौथं वर्ष, आणि गरोदरपणाचा सातवा महिना चालू. उन्हात फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं असूनही तिने नऊ मुलं आणली होती. तीन जूनला तिच्या हातात कळवणच्या बदलीचं पत्र पडलं.

"तू कार्यवाहांना भेटलीस का?" मीनाने विचारलं. शाळा अजून सुरू व्हायची होती, शिक्षकखोलीत दोघीच होत्या.

"भेटले ना. डॉक्टरांचा कागद दाखवला." वेदिकाचा आवाज कोरडा होता. रडून झालेलं असावं. "शेखरराव म्हणाले, पोट काय एकट्या तुम्हालाच आलंय का मॅडम? माझी आई आठव्या महिन्यात कांदे काढत होती."

"असं म्हणाले?"

"शिपायासमोर. आणि हसले."

मीनाच्या कानशिलांत आग पेटली. त्याच तिरीमिरीत ती उठली आणि सोमनाथ सरांच्या घरी गेली.

सोमनाथ सर शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. गेली आठ वर्षं बिनविरोध. संघटना म्हणजे संस्थेच्या वर्धापनदिनाला पुष्पगुच्छ आणि शिक्षकदिनाला स्नेहभोजन, इतकंच त्या आठ वर्षांत झालेलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी साहेबांशी बोलतो. वेदिकाचं काहीतरी करू. त्यांच्या कलाने घ्यावं लागतं, मॅडम."

"वेदिकाचं नको, सर. सगळ्यांचं करा. हे पंधरा मुलांचं बंधनच रद्द करायला सांगा. आणि बदल्या करायच्याच असतील तर नियमाने. एका शाळेत सर्वांत जास्त वर्षं ज्याची, त्याचा नंबर पहिला. यादी लावा, ती भिंतीवर चिकटवा. कोणाचं तोंड बघून नको."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"मग ही पत्रकं त्यांची त्यांनी वाटावीत."

सर कुरकुरले, पण फोन फिरायला लागल्यावर त्यांनाही मागे राहवेना. सहा शाळांत मिळून एकशे बारा शिक्षक. नऊ जूनला त्यांतले चौऱ्याण्णव गंगापूर रोडवरच्या संस्थेच्या कार्यालयात आले आणि प्रत्येकाने आपापला पत्रकांचा गठ्ठा कार्यवाहांच्या दालनाबाहेर ठेवला. घोषणा नाहीत की काही नाही. एकेक येई, गठ्ठा ठेवी, वहीत सही करी आणि जाई. दुपारपर्यंत दार उघडता येईना. शिपाई मागच्या बाजूने ये-जा करू लागला.

दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली. ज्यांना अडचण असेल त्यांनी वैयक्तिक भेटावे. चार-पाच जण गुपचूप भेटूनही आले. त्यांची नावं कळली तेव्हा मीनाला इतका संताप आला की तिने दोन दिवस त्यांच्याशी शब्द काढला नाही. बाकीचे मात्र हलले नाहीत. या धामधुमीत वेदिका रोज पहाटे सीबीएस बसस्थानकावरून एसटी पकडून कळवणच्या शाळेत प्रवेशाच्या कामासाठी हजेरी लावत होती, पुढे जीपमध्ये अवघडून बसत होती. 'हजर व्हा नाहीतर गैरहजेरी लावू' असा तिला निरोप होता.

प्रवेश थंडावले. शाळा सोळाला उघडायच्या होत्या. चौदाला शेखररावांनी तिघांना चर्चेला बोलावलं. सोमनाथ सर, मीना आणि घोटीच्या शाळेचे कोंडाजी सर. कोंडाजी सर मितभाषी माणूस, तीस वर्षांच्या नोकरीत चार शाळा फिरलेला.

शेखररावांनी चहा मागवला, गोड बोलले. मग टाइप करून आणलेला कागद पुढे सरकवला. "वेदिका मॅडमची बदली बाळंतपण होईपर्यंत स्थगित. माणुसकीच्या नात्याने. तुम्ही आंदोलन मागे घ्या, विषय संपला."

सोमनाथ सरांनी खिशातलं पेन काढलं.

"सर, थांबा," मीना म्हणाली. तिने कागद वाचला. "संस्थेने सहानुभूतीपूर्वक विचार करून... आणि पंधरा मुलांच्या बंधनाचं काय? यादीचं?"

"मॅडम, संस्था कशी चालवायची ते आता तुम्ही शिकवणार?"

"शिकवणं हेच माझं काम आहे, साहेब. ते सोडून तुम्ही मला दारोदार पाठवलंत."

शेखरराव खुर्चीत मागे रेलले. ड्रॉवरमधून त्यांनी दुसरा कागद काढला आणि तो तिच्यासमोर न ठेवता हातातच धरला. "यादी हवी ना? मी काढून ठेवलीय. एका शाळेत सर्वांत जास्त वर्षं कोणाची, माहितेय? तुमची. सतरा. वेदिका मॅडम परत आल्या की कळवणची जागा रिकामी, आणि पहिलं नाव तुमचं. मुलगी बारावीला आहे ना तुमची?"

सोमनाथ सर मीनाकडे बघू लागले, जणू तिने हे लपवून ठेवलं होतं.

मीनाने ते लपवलं नव्हतं, मोजलं होतं. मागणी लिहिली त्याच दिवशी आपला नंबर पहिला लागणार हे तिला कळलं होतं. आरोहीला तिने सांगितलंही होतं, आणि आरोही दोन तास खोलीचं दार लावून बसली होती. पण या माणसाने तिच्या मुलीचं वर्ष असं पत्त्यासारखं टेबलावर टाकावं, याने तिच्या आवाजाला धार आली.

"येऊ द्या माझं नाव. पण यादीने येऊ द्या, तुमच्या मर्जीने नको. आज तुम्ही वेदिकाला दया दाखवाल, उद्या दुसरीला दाखवणार नाही. आम्ही तुमच्या दारात दया मागायला आलोच नव्हतो. गर्भार बाईला उन्हात फिरवून तिच्यावर हसणाऱ्यांच्या तोंडी माणुसकी शोभत नाही, साहेब."

शेखररावांचा चेहरा तांबडा झाला. "आवाज खाली!"

तेव्हा कोंडाजी सर पहिल्यांदा बोलले. "साहेब, सोळाला घोटीची शाळा उघडणार नाही. आमच्याकडचे एकोणीसच्या एकोणीस सह्या करून बसलेत. बाकीच्या शाळांचं तुम्हाला माहीत असेलच. लिहून घ्या आता."

दोन तास घासाघीस झाली. मुलं आणायचं बंधन गेलं. 'स्वेच्छेने सहकार्य करावे' असा एक शब्दप्रयोग शेखररावांनी घुसवलाच, तो काही निघाला नाही. यादीची मागणी मान्य झाली. वेदिकाची बदली स्थगित न होता रद्द झाली. आणि 'सहानुभूतीपूर्वक' या शब्दावर मीना अर्धा तास अडून बसली. शेवटी तो खोडला गेला आणि खोडलेल्या जागी चौघांनी आद्याक्षरं केली.

माफी मात्र कुणी मागितली नाही. शेखरराव त्याच खुर्चीत राहिले. सोमनाथ सरांचा सत्कार झाला, संघटनेच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांना हारांची चित्रं आली.

जूनच्या अखेरीस शेखररावांचा फोन आला. "मॅडम, यादी थोडी मागेपुढे करता येते. कुणाला कळणार नाही. तुम्ही फक्त..."

"फक्त काय?" मीनाने विचारलं आणि उत्तर न ऐकता फोन ठेवला. एक जुलैला ती कळवणच्या पुढच्या शाळेत हजर झाली. पहाटे पाचला निघायची, संध्याकाळी सातला घरी. आरोही पंधरा दिवस तिच्याशी धड बोलली नाही. पहिल्या आठवड्यात कळलं की सातवीच्या वर्गाला दोन वर्षं गणिताचा शिक्षकच नव्हता. ज्याला शिक्षा द्यायची त्याला संस्था इथे धाडायची, आणि तो कशीबशी वर्षभरात सुटका करून घ्यायचा. तो राग मीनाच्या पोटात सगळ्यांत खोल गेला, कारण त्यात तिचाही वाटा होता. काळं पाणी हा शब्द तिने स्वतः कितीदा तरी वापरला होता.

पुढच्या एप्रिल महिन्यात दुसरी यादी लागली. सोमनाथ सरांचा फोन मधल्या सुट्टीत आला.

"मॅडम, यंदा माझं नाव वर आलंय. पदाधिकाऱ्यांना सूट असावी असं आपण एक पत्र देऊ. तुमचीही सही घेतो. संघटनेचं काम शहरातूनच होतं ना?"

"नाही, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे सही देणार नाही. आणि तुम्ही असं पत्र दिलंत, तर त्याविरुद्ध पहिलं पत्र माझं असेल."

सर म्हणाले, "तुम्ही फार कडक आहात." घंटा झाली. मीनाने फोन पिशवीत टाकला आणि ती सातवीच्या वर्गात गेली.