हरकतीचा शेवटचा दिवस

आमच्या पंचायतीच्या फलकाकडे माणसं पाहतात ती दोनच कारणांनी. पाणी कधी येणार, आणि कोणाची शेळी कोंडलीय. त्यामुळे त्या महिन्यात मी कारकून म्हणून लावलेली नोटीस कोणी वाचणार नाही असं मला वाटलं होतं. पण ती सगळ्या गावाने वाचली, आणि वाचून कोणी एक अक्षर बोललं नाही.

नोटीस आमच्या अध्यक्षांच्याच मुलाची होती. आठ वर्षांपूर्वी तो बंदरावर कामाला गेला. काही महिने पत्रं आली, मग थांबली. पोलीस झाले, दवाखाने झाले, बंदरावरच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. अध्यक्ष स्वतः तीनदा जाऊन आले आणि तिसऱ्या खेपेनंतर त्याविषयी बोलेनासेच झाले. आता कोर्टाला पंचायतीचा दाखला हवा होता, की सात वर्षांत या गावात त्याची कोणालाही खबर नाही. तो मिळाला की त्यांची सून मोकळी होणार होती. शेजारच्या गावचा एक सुतार, बायको देवाघरी गेलेली, पदरी लहान मुलगी, तिला मागणी घालून दोन वर्षं थांबला होता. भला माणूस. सून अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी पाहिलं, सही तेवढी तिची होती. बाकी सगळा अर्ज सासऱ्यांच्या अक्षरात.

नियम असा, की नोटीस तीस दिवस लावायची आणि ज्याला काही ठाऊक असेल त्याने हरकत घ्यायची. एकोणतीस दिवस हरकतीच्या नावाने माशीसुद्धा फिरकली नाही. तिसाव्या दिवशी पावणेपाचला, मी शिक्के कपाटात ठेवत असताना, अध्यक्षांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या राहिल्या.

"अध्यक्षदादा पाण्याच्या टाकीकडे गेलेत, काकू."

"त्यांच्याकडे कोणाचं काम आहे? हरकत कुठे देतात?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांनी चौघडी कागद टेबलावर ठेवला. आत एकच ओळ होती. मला खबर आहे. शिक्का मारून पोच द्यावी लागली. नियम तो नियम.

सोमवारी अकराला सुनावणी. घरचाच मामला म्हणून अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली. ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि खुर्चीत आले उपाध्यक्ष, आमचे टेलरमास्तर. बसता बसता माझ्या कानाशी म्हणाले, "सदरा चुकला तर उसवता येतो गं. हे कसं उसवू?"

सासू-सून आल्या त्या एकत्रच. सुनेने खुर्ची पुसून दिली, काकूंना बसवलं, पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली आणि शेजारी बसली. समोरासमोर बसायचं असतं हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

"काकू," मास्तरांनी घसा खाकरला, "मुलाची खबर आहे म्हणता. कधीची?"

"कालची."

मास्तर खुर्चीत ताठ झाले. बाहेरचा बाक करकरला.

"पत्र आलं? फोन?"

"दिवेलागणीला फाटकाची कडी वाजते. दोनदा. तो घरी यायचा तेव्हा अशीच वाजायची. मग मी ताटं वाढते."

"रोज?"

"रोज. सात वर्षं झाली."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे. ती मान खाली घालून एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासत होती. पहिल्या वर्षी काकूंनी अन्न सोडल्यासारखं केलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. मग एकाएकी जेवायला लागल्या, तेही ठाऊक होतं. कशाने, ते मला आत्ता कळलं. देव कधी कधी असं सगळं एकदम दाखवतो, की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

"सूनबाई, तुम्हाला काही सांगायचंय?" मास्तरांनी विचारलं.

एक वाक्य. एवढं एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आई सांगतात ते लिहून घ्या."

तेवढ्यात अध्यक्ष दारात. "कडी मी वाजवतो."

"दादा, तुम्हाला आत येता येत नाही," मी म्हटलं.

"अध्यक्ष म्हणून नाही आलो. कडी वाजवणारा म्हणून आलोय. लिही."

काकूंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्ही? दिवेलागणीला तुम्ही आरामखुर्चीत घोरत असता. वर जाऊन तोंड दाखवायचंय, आता तरी खोटं बोलू नका." मास्तरांना हसू फुटलं, ते त्यांनी ओठ चावून आवरलं. काकूंनी सुनेचा हात धरला. "कडी ही वाजवते. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. तो आदळायचा कडी, भिंत हलायची. ही वाजवते ती, झोपलेलं मूल उठेल की काय अशा भीतीने. कुत्र्याला घालून येते म्हणून जाते. कुत्रा मेला त्याला पाच वर्षं झाली!"

सुनेचा चेहरा पांढरा पडला. "मग आई, तुम्ही इतके दिवस..."

"मग काय! तू थंडीवाऱ्यात जाऊन वाजवायचीस, आणि मी जेवू नको?"

मास्तर हळूच म्हणाले, "मग काकू, ही हरकत कशाला?"

"ही गेली की वाजवणार कोण?"

"असली हरकत नोटिशीत बसत नाही हो."

"ठाऊक आहे. कुठेच बसत नाही, म्हणून इथे आणली."

अध्यक्ष भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला.

काकू माझ्याकडे वळल्या. "मागे घ्यायची तर काय करायचं असतं?"

"एक वाक्य बोलायचं, काकू. मी लिहून घेते." ते सांगताना मला माझाच राग आला. "माझ्या मुलाची मला काही खबर नाही."

"माझ्या मुलाची," काकूंनी सुरुवात केली आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "माझ्या मुलाची..."

"राहू द्या, आई," सून रडू लागली. "मी नाही जात कुठे."

"गप्प बस. दोन वर्षं थांबलाय तो बिचारा. त्याची पोर किती दिवस बिनआईची राहणार?" आणि डोळे मिटून, देवापुढे बोलावं तशा सावकाश, त्या सगळं वाक्य बोलल्या. एकही शब्द गाळला नाही. मी लिहिलं. सात वर्षं त्या घराने जे तोंडातून काढलं नव्हतं, ते माझ्या पेनाने दीड ओळीत मावलं.

मास्तरांनी दाखल्यावर सही केली. कागद काकूंनीच उचलला, घडी केली आणि सुनेच्या पिशवीत घातला. उठताना म्हणाल्या, "आज कडी वाजवू नकोस. मी जेवीन."

दोघी गेल्या. अध्यक्ष त्यांच्यामागे जातील असं वाटलं होतं, पण ते आले आणि आपल्या खुर्चीत बसले. मास्तर मुकाट्याने बाजूला सरकले.

"पुढचा विषय?" अध्यक्षांनी विचारलं.

पुढचा विषय गटारांच्या सफाईचा होता. मी तो वाचला. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला.