खाऱ्या पाण्याची भाजी

“हे घोय हाय जी!” जमुनानं पान चावून ताटलीत थुंकलं. “हे आंबट लागते. थे भाजी खारी रायते.”

नदीवरून भलतीच भाजी, घोळ, खुडून आणलेले नत्थुजी ओशाळले. भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातलं गाव त्यांचं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या गावात नळाचं गोड पाणी सोडण्याचं काम नत्थुजींनी उभा जन्म केलं. साऱ्या गावाला पाणी पाजलं, पण आपल्याच बायकोला घासभर जेवू घालता येईना, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. टायफॉइड उतरला, अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी सोडलं, तरी जमुनाच्या तोंडाला चव नव्हती. अर्ध्या भाकरीवरच ताट सरकवायची. मागायची ते एकच: माहेरी पूर्णेकाठच्या खारवट दलदलीत उगवणारी भाजी.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी पुन्हा नदीवर गेले. घोट्याएवढ्या चिखलातून चालता चालता, मिठाची पांढरी फुटलेल्या मातीत त्यांना झुडपं दिसली. देठ तांबूस, पानं सुईसारखी पण गुबगुबीत. एक पान चावलं. खारट! झुडपं मोजकीच, खुडली तर एका वेळेचीही भाजी होईना. म्हणून त्यांनी दोन मुळासकट काढून आणली.

“हेच थे!” जमुना उठून बसली.

नत्थुजींनी ती न्हाणीमागं लावली आणि रोज नळाचं गोड पाणी घातलं, लेकराला दूध पाजावं तसं. भाजी तरारली. या भाजीत मीठ घालत नाहीत, तेवढं जमुनानं बजावून ठेवलं होतं. त्यांनी तशीच शिजवली, वाढली. जमुनानं घास घेतला आणि थांबली.

“काहून वं?”

“अयनी लागते, खारी नाही. कोन्तं पानी घातलं जी इले?”

“नळाचं. चांगलं गोड.”

जमुनाला हसू आवरेना. आजारपणात ती पहिल्यांदाच हसली. “सारा जलम गोड पानी वाटलं तुमी, दुसरं काय सुचन! इले आपल्या विहिरीचं घाला.”

त्या विहिरीला नत्थुजी आजवर येताजाता शिव्या घालत आले होते. पहिली बादली वर आली तेव्हा त्यांना आपली लाज वाटली. माय, चुकलं माझं, असं मनात म्हणून त्यांनी पाणी घातलं आणि नव्या फुटव्यांची वाट पाहिली.

पुढच्या खेपेला लसूण-मिरचीची फोडणी दिली. जमुना खाली मान घालून जेवत राहिली. भाकर संपली, तशी तिनं वर पाहिलं.

“अजून हाय का एक?”

नत्थुजींनी दुरडीत हात घातला. दुरडी रिकामी होती. तिचं खाणंच सुटल्यापासून तिच्या वाट्याची एकच भाकर ते थापत. ते लगबगीनं उठले, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. डोळे भरून आले होते, त्यात पिठात पाणी कमी पडलं आणि भाकर काठाला फाटली.

“फाटली वं.”

“फाटू द्या,” जमुना ताट पुढं करत म्हणाली, “गरम गरम टाका.”