दोन चाळीसचा पाऊस

बाहेर रणरणतं ऊन, आणि आम्ही तिघी रेनकोट घालून एका बंद सभागृहात बसलेल्या. लोक वळून वळून बघत होते. बघेनात का, मला त्याचं काही वाटत नव्हतं. तसं गेल्या पाच महिन्यांत मला कशाचंच काही वाटलेलं नव्हतं. पिवळे रेनकोट घामाने अंगाला चिकटले होते आणि समोर बाहुल्यांचा तोच खेळ तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा चालू होता. कोल्हा विहिरीत कधी पडणार हे मला पाठ झालं होतं.

"चातक बरा," माझी नणंद म्हणाली. "तो निदान मोकळ्या हवेत वाट बघतो."

तिच्या पलीकडे माझी मुलगी बसली होती. दहा वर्षांची आहे. लहानपणी गालात घास धरून बसायची, म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणतात. तिच्या मांडीवर वही होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. दोन चाळीस झाले. दोन पंचेचाळीस झाले. वहीप्रमाणे एव्हाना बाहेर धो धो कोसळत असायला हवं होतं.

वही ह्यांची. हे बसडेपोत वेळापत्रक विभागात होते, सव्वीस वर्षं. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, हे ठरवायचं काम. घरीही तेच. दूध उतू गेलं तरी हे विचारणार, "किती वाजता गेलं?" म्हणजे काय, मी दुधापाशी घड्याळ घेऊन उभी होते?

उन्हाळ्याच्या शेवटी चार दिवस या थीम पार्कला यायचं ठरलं, तेव्हा ज्याने त्याने सांगितलं, तिकडे त्या दिवसांत पाऊस असतो, नका जाऊ. हे म्हणाले, "पाऊस असतो म्हणजे काय? किती वाजता असतो ते बोला." आणि वर्षभर आधीच, मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी, महिनाभर रोज संध्याकाळी इथल्या हॉटेलला फोन करत बसले. आज कधी आला, किती वेळ पडला, विजा होत्या का. मी म्हटलं, अहो, वेड लागलंय का तुम्हाला? पण एकदा डोक्यात घेतलं की ऐकतील ते हे कसले.

त्यातून ही वही झाली. प्रत्येक दिवसाचं एक पान, चारही पानांवर जवळजवळ तेच.

"सकाळी नऊ ते बारा : कडक ऊन, दमट हवा. टोप्या, पाणी, उघड्यावरचे खेळ.
दोन पस्तीस : रेनकोट घालून बाहुल्यांच्या सभागृहात बसणे.
दोन चाळीस : गडगडाट, जोराचा पाऊस. विजांमुळे मोठे खेळ बंद.
साडेतीन : पाऊस थांबतो. लोक कंटाळून हॉटेलवर गेलेले. रांगा नाहीत. खारू आणि मोठी रोलरकोस्टर."

प्रत्येक ओळीपुढे डेपोतल्या तक्त्यासारखे तीन रकाने. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, कारण. पानाच्या तळाशी सहीची जागा. डेपोत गाडी पाच मिनिटं जरी उशिरा आली तरी कारण लिहावंच लागे. तो रकाना कोरा असला की हे सही करत नसत, मग समोर कुणी का असेना. वहीतला पहिला रकाना ह्यांनी भरून ठेवला होता. बाकीचे दोन इथे आल्यावर भरायचे होते.

पाच महिन्यांपूर्वी एका मंगळवारी ह्यांनी सकाळच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावला, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. धडधाकट माणूस. कधी सर्दी नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. बस, एवढंच. असं होतं कधीकधी.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पंधराव्या दिवशी कामावर गेले, लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारायला लागले. सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे! कसला डोंबलाचा धीर? नणंद दातांच्या दवाखान्यात असते. तिथे इंजेक्शन दिलं की दाढ उपटली तरी कळत नाही, त्याला कुणी धीर म्हणतं का?

सहल रद्द करायची असं मी म्हणत होते. नणंद म्हणाली, "दादाने ठरवलंय तर जायचं. घरी बसून तरी आपण काय दिवे लावणार आहोत?"

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईने आमचं आडनाव वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "रोज पाऊस विचारणारे ते काका! कुठायत?"

"ते नाही आले," मी म्हणाले.

"यंदा पावसाने दडी मारलीय, सांगा त्यांना. पुढच्या वेळी मात्र नक्की घेऊन या हं."

मी हो म्हणाले. लिफ्टमध्ये नणंदेने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला, कारण बॅग उचलायची होती.

पहिल्या दिवशी सकाळी वहीप्रमाणे कडक ऊन पडलं. बारापर्यंत तिघींचे कपडे पिळून काढण्याइतके ओले. दोन पस्तीसला आम्ही रेनकोट चढवून सभागृहात गेलो आणि साडेतीनला बाहेर आलो. आभाळ स्वच्छ, जमीन कोरडी, आणि रोलरकोस्टरची रांग पार पाणपोईपर्यंत.

घोडं अडलं ते तिथे. पाऊस पडून गेल्यावर बसायचं, असं वहीत होतं. खारू रांगेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या येईल पाऊस."

खरं तर ती आली होती त्या रोलरकोस्टरसाठीच. तिथे दारात एक खांब आहे, एकशे बत्तीस सेंटिमीटरचा. त्याहून बुटक्या मुलांना आत सोडत नाहीत. ह्यांनी तेवढ्या उंचीची खूण आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर करून ठेवली होती. सगळं मागचं वर्ष खारू दोन बोटं कमी पडत होती. दोन महिन्यांपूर्वी तिने खूण ओलांडली. ते नणंदेच्या लक्षात आलं. मी रोज त्याच दारातून ये-जा करत होते, मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस नाही. तिसऱ्या दिवशी नाही. ते दोन कोरे रकाने भरायचं नाव कुणी काढलं नाही.

चौथा दिवस शेवटचा. रात्री आठला विमानतळाची गाडी होती. दोन पंचवीसला खारू वही माझ्याकडे देऊन तोंड धुवायला गेली. नणंदेने लगेच तोंड सोडलं.

"वहिनी, आज तरी शुद्धीवर या तुम्ही मायलेकी! पोरगी न बसता परत गेली तर जन्मभर सलत राहील तिला. पाऊस काय डेपोतली बस आहे, यायलाच पाहिजे?"

तिचं खरं होतं. पण बाबांनी लिहिलेलं चुकलं, हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? बाबा गेले, आता त्यांचं वेळापत्रकही गेलं? मी पर्समधून पेन काढलं आणि त्या दिवसाच्या पानावर, ह्यांच्या अक्षरासारखं अक्षर काढून लिहिलं, "पाऊस न आल्यास थांबू नये. सरळ रांगेत उभे राहावे." ह्यांच्या सवयीप्रमाणे खाली एक रेघही मारली.

खारू आली. मी म्हणाले, "अगं, हे बघ, इथे खाली काहीतरी लिहिलंय. आपण वाचलंच नव्हतं."

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"हे तू लिहिलंस."

"काहीतरीच काय!"

"बाबा पेन्सिलने लिहितात. आणि रेघ पट्टीने मारतात. ही वाकडी आहे."

"घ्या," नणंद म्हणाली. "चोरी करायची तर पट्टी तरी आणायची गं."

खारू रागावली नाही. तिने वही मिटली आणि मला विचारलं, "म्हणजे पाऊस नाही आला तरी तुला चालेल?"

"मला? मला काय व्हायचंय?"

"बाबांचं चुकलं म्हणून तुला वाईट वाटेल असं वाटलं मला. रोज तूच आधी रेनकोट घालतेस."

खरंच मीच आधी घालायचे. दोन पस्तीस झाले की मुकाट्याने हात घालायचे, कारण तिला तसं हवंय असं मी धरून चालले होते. आणि ती घालायची ती माझ्याकडे बघून. आणि नणंद बिचारी आम्हा दोघींकडे बघून. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारणारी बाई मी.

"देवा रे!" नणंदेने कपाळावर हात मारला. "म्हणजे तीन दिवस मी उकडून निघाले ते फुकटच?"

"तुला कधी बसायचं होतं?" मी खारूला विचारलं.

"पहिल्या दिवशीच."

पाऊस नव्हता, त्यामुळे कुणी हॉटेलवर गेलं नव्हतं. आम्ही दोन तास रांगेत उभ्या राहिलो. उन्हाने डोकं भणभणत होतं. चौदा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं. नणंदेची मान दुखरी, म्हणून तिन्ही रेनकोट आणि वही सांभाळत ती खाली बाकावर बसली. मला साध्या झोपाळ्यावर गरगरतं, आणि या कामासाठी आमच्या घरातून नेमलेला माणूस आला नव्हता. खांबापाशी खारू ताठ उभी राहिली. खांबाहून ती चांगली एक बोट वर होती.

गाडी टोकावर जाऊन क्षणभर थांबली. तिथून सगळीकडचं आभाळ दिसत होतं. कुठे बोटभरही ढग नव्हता. ह्यांचं चुकलं होतं. साफ चुकलं होतं. हे मनात आलं आणि गाडी खाली सुटली. खारू जिवाच्या आकांताने ओरडली, मग हसली, मग परत ओरडली. मीही तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटला नाही. खाली उतरून आम्ही नणंदेच्या बाकापाशी गेलो.

बाकावर बसून खारूने तिच्या पाऊचमधली पेन्सिल काढली. पावसाच्या ओळीपुढे पहिला रकाना, दोन चाळीस, ह्यांच्या अक्षरात होता. दुसऱ्यात तिने लिहिलं, "आला नाही." मग ती थांबली.

"कारण काय लिहू?"

"राहू दे कोरं."

"कोरं ठेवलं तर बाबा सही करत नाहीत."

"माहीत नाही, असं लिही," मी म्हणाले.

"असं चालतं?"

"चालवून घ्यावं लागेल."

तिने सावकाश लिहिलं, "कारण : माहीत नाही." मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि तळाच्या जागेवर बोट टेकवलं. "आता सही तू कर."

मी पेन्सिल हातात घेतली, पण मला ती जागाच दिसेना. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, भर उन्हात, रांगेतल्या शे-दोनशे माणसांसमोर, अगदी हुंदके देऊन. खारू मला चिकटून बसली आणि तीही रडायला लागली. रुमाल कुणाकडेच नव्हता. नणंदेने स्वतःचे डोळे हाताने पुसले आणि मांडीवरचा पिवळा रेनकोट माझ्यापुढे धरला.

"घे गं वहिनी," ती म्हणाली. "कशाला तरी उपयोगी पडू दे."