गळालेला अ

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या वेलांटीकाकांचं बूड सकाळपासून खुर्चीला टिकत नव्हतं. हे नाव आधी पाठीमागे पडलं आणि मग तोंडावरही रूढ झालं, कारण चुकलेली वेलांटी दिसली की ते भरल्या ताटावरून उठत. आज मात्र ते नुसतेच उठत होते. खिडकीपाशी जायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बसायचे.

कारण समोर भिंतीला टेकून उभं होतं. संग्रहालयाने परत पाठवलेली पितळी पाटी. आकाशातून पडलेल्या एका दगडाखाली ती लावायची होती आणि तिच्यावर 'अशनी' हवं होतं. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंनी अ गाळला, काकांनी तपासून खाली सही ठोकली, आणि पाटीवर कोरलं गेलं, 'शनी. वजन अकरा किलो. हात लावू नये.' लोक पोट धरून हसले म्हणे. एकाने तर विचारलं, साडेसाती इथूनच सुटते का?

काकांना तो शब्द चांगला पाठ होता, आणि घात तिथेच झाला. हल्ली त्यांना अक्षरं पुसट दिसायची. जे दिसत नाही ते पाठांतराने भरून काढायची सवय लागली होती. डोळ्याचा पडदाच गेलाय, चष्म्याने भागायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काकांनी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. पगाराची चिंता नव्हती. पण बायको गेल्यापासून घरात चूक काढायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि तिथे दिवसभर बसून राहायची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

मालकिणीने हाक मारली. जुन्या मालकांची ही मुलगी. लहानपणी काकांच्याच टेबलाखाली बसून रद्दी रंगवायची.

"काका, खरं सांगा. दिसलं नाही, की माहीत नव्हतं?"

उत्तर त्यांनी घरूनच घोटून आणलं होतं.

"माहीत नव्हतं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अडाणीपणा पदरात घेतला. भलताच कडू लागला.

"एवढंच ना?" तिचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं डोळे गेले. मग तुम्हाला घरीच बसवावं लागलं असतं. चला, नवी पाटी करू. खाली अर्थही देऊ, म्हणजे पुन्हा घोळ नको." ती बोलत बोलत लिहू लागली. "अशनी म्हणजे उल्का. दोन्ही एकच."

काकांनी ओठ आवळले, टेबलाची कड घट्ट धरली. गप्प बसायचं, बाकी काही करायचं नव्हतं.

"एकच कसं असेल?" शेवटी सुटलंच तोंडातून. "जळत येते ती उल्का. बहुतेक वाटेतच संपतात. जो जमिनीपर्यंत पोचतो, हातात धरता येतो, तो अशनी. जुना शब्द आहे, आधी वीज म्हणून वापरायचे. तुझ्या बाबांनीच मला..."

तिचं पेन थांबलं.

"म्हणजे माहीत होतं."

"होतं."

तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि न वाचताच परत दिला.

तिने 'दोन्ही एकच' खोडलं.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," ती म्हणाली. "सही मात्र यापुढे माझी."

सही गेली, ते काकांच्या काळजाला लागलं. तरी त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"अ," ते म्हणाले. "आधी अ लिही."