धाडच्या भोंग्यातल्या टाळ्या

मित्रांनो, आधी वय सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. मी सत्तरच्या दशकातली. काळी, ताटाएवढी, मधोमध भोक असलेली रेकॉर्ड. पिन टेकवली की मी गाते. म्हणजे पूर्ण गाऊ द्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दूर देशात चार केसाळ पोरांचा एक रॉक बँड होता. एका संध्याकाळी त्यांनी हजारो माणसांसमोर गाणी म्हटली आणि ती जशीच्या तशी माझ्या अंगावर कोरली गेली. बंद खोलीत दहादा पुसून म्हटलेली गाणी ती नव्हेत. म्हणून माझ्यात गाण्यांबरोबर माणसंही आहेत. खोकणारी, शिट्ट्या मारणारी, आवडतं गाणं सुरू होताच किंचाळणारी. आणि टाळ्या तर अशा, की पत्र्यावर गारा पडाव्यात.

तिथून मी कुणाकुणाच्या हातांतून फिरत खामगावच्या एका दुकानात येऊन पडले. पुढे कॅसेटी आल्या आणि दुकानदाराने रेकॉर्डी गठ्ठ्याने विकायला काढल्या. धाड गावचे जानराव तेव्हा पंचशील साऊंड सर्व्हिस चालवायचे. दोन भोंगे, एक माईक आणि एक मशीन. माझ्या कव्हरवर हात उंचावलेल्या गर्दीचा फोटो आहे. तो पाहून त्यांना वाटलं, ही कुठल्यातरी मोठ्या सभेची रेकॉर्ड.

"भाषण असंन कोन्या मोठ्या मानसाचं," असं म्हणत त्यांनी मला पिशवीत घातलं.

घरी आल्या आल्या त्यांनी भोंगा बाजाराकडे वळवला आणि मला लावलं. भाषणाच्या जागी गिटार कडाडली. समोरच्या केसरबाई भाकरी टाकून धावत आल्या.

"जानराव, तुयं मशीन जळून राह्यलं पाय!"

जानराव घाईने पिन उचलायला वाकले, तेवढ्यात माझ्यातली माणसं टाळ्या वाजवू लागली. जानरावांचा हात तसाच राहिला. "मायबाई! एवढी पब्लिक?" ते म्हणाले.

बस्स. त्या दिवसापासून माझं काम ठरलं. गाणी कुणाला नको होती. टाळ्या सगळ्यांना हव्या होत्या.

पहिला मान सरपंच इंद्रभानजींना मिळाला. त्यांचं भाषण सुरू झालं की लोक जांभया द्यायचे. त्या दिवशी एका वाक्याला जानरावांनी पिन टेकवली. भोंग्यातून हजारोंच्या टाळ्या उसळल्या. इंद्रभानजी दचकले, आणि मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "सरपंच, ही पब्लिक कोन्या जीपनं आणली हो?"

सगळी सभा हसली. दुसऱ्या दिवशी सरपंच गुपचूप जानरावांकडे आले. "जानराव, पुढच्या खेपेले जरा लवकर लावजो."

मग कुस्त्या असोत, शाळेचं गॅदरिंग असो, कुणा मास्तरांचा निरोप असो, मी हजर. जानराव मला उजेडात तिरपं धरायचे. माझ्या अंगावर एका ठिकाणी गडद, गुळगुळीत कडं आहे आणि त्याच्यालगत करडं, खरबरीत. त्या करड्या कड्यावर ते बिनचूक पिन टेकवायचे. टाळ्या संपल्या की उचलायचे. त्यापुढचा पहिला सूर माझ्या तोंडात यायचा आणि तिथेच विरायचा. मला वाईट वाटायचं. पण कामाची कदर होती, आणि गंमत सगळ्या गावाला ठाऊक होती.

ठाऊक नव्हती ती एकटीला. जानरावांच्या धाकट्या मुलीला, समताला.

समता गायची. एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमाला तिला पहिल्यांदा माईकसमोर उभं केलं, तेव्हा पायाखाली तेलाचा डबा ठेवावा लागला. आवाज पातळ, पण वर गेला की दिव्याच्या वातीसारखा सरळ. मी मशीनवर तयारीत पडलेली. गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बापाला त्या कमी वाटल्या. जानरावांनी डोळे पुसले आणि पिन टेकवली.

त्या पोरीचा चेहरा मी अजून विसरले नाही. एवढी माणसं बसली कुठे, हे तिने शोधलं नाही. लहान मुलांना मिळालेल्या गोष्टीची पावती मागायची सवय नसते.

त्यानंतर वर्षानुवर्षं ती गायची आणि मी वाजायचे; तिला कुणी काही सांगितलं नाही. तिचं गाणं चालू असताना मी शांत असायचे, म्हणून मला ते पूर्ण ऐकायला मिळायचं. मला कुणी पूर्ण ऐकलं नाही, पण मी तिला ऐकलं.

मग चिखलीला गाण्याची मोठी स्पर्धा झाली. तिथे भोंगे दुसऱ्याचे होते. समता परत आली. चप्पल काढता काढता तिने विचारलं, "बाबा, तेथल्या लोकायले माह्यं गाणं काऊन नाही आवडलं? टाळ्याच नाही वाजल्या."

जानराव वायर गुंडाळत राहिले. तिचा भाऊ धम्मदीप मात्र खो खो हसला.

"अवं येडे, टाळ्या कोठून वाजतीन? इथं तं बाबा रेकॉर्ड लावतात!"

"कोणती रेकॉर्ड?"

त्याने मला दाखवलं. समता रडली नाही. तिने मला हातात घेतलं, कव्हरवरची गर्दी पाहिली आणि नीट आत सरकवलं.

"म्हणजे त्या माह्या नव्हत्याच," एवढंच बोलली.

त्यानंतर ती गायली नाही. जयंतीला नाही, घरात नाही, भांडी घासतानाही नाही. तिची आई तानाबाई कधी म्हणायच्या, "म्हण ना वं एखादं." ती म्हणायची, "घसा बसला आई." मग तिचं लग्न झालं, चिखलीच्या शाळेत ती शिक्षिका झाली, आणि घसा काही उठला नाही. जानरावांनीही मला पुन्हा मशीनवर ठेवलं नाही. मी माळ्यावर गेले. अंगावर वायरींची वेटोळी, त्यांवर फुटका भोंगा. खाली धम्मदीपने डीजेची गाडी घेतली. तिच्या दणक्याने माळा थरथरायचा. मी मनात म्हणायचे, अरे, एवढा आवाज आहे तुझ्याकडे, मला फक्त दोन गाण्यांपुरता दे.

या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचं ठरलं आणि माळा रिकामा झाला. समता सुट्टीला आली होती. धम्मदीपने सगळ्या रेकॉर्डी ओट्यावर मांडल्या आणि मोबाईलवर फोटो काढला.

"बुलढाण्याचा हॉटेलवाला मांगून राह्यला. भिंतीले खिळे मारून लावते म्हणे. शोभेले."

खिळे! मित्रांनो, मला गायचं होतं, आणि मी भिंतीवर चढणार होते.

जानराव काठी टेकत आले. आता ते हळू चालतात. त्यांनी गठ्ठ्यातून मला बाजूला काढलं.

"हे एक राहू दे, बे."

"बाबा, कोण आयकते आता हे?"

"म्या बी नाही आयकली. म्हणूनच राहू दे." मग समताकडे न बघता ते म्हणाले, "लावून पाहू का, बाई?"

समता चहा गाळत होती. तिचा हात थांबला. "टाळ्या नका लावू."

"नाही लावत. गाणं लावतो."

मशीनचा रबरी पट्टा वितळून चिकटला होता. त्यांनी सायकलची जुनी ट्यूब काढली. समताने कात्री घेऊन पट्टी कापली आणि त्यांनी ती बसवली. मी आधी डगमगत फिरले, मग सावरले. त्या पहिल्या दिवसानंतर आज मला पुन्हा कडेपासून लावलं होतं. पहिलं गाणं, दुसरं गाणं. तानाबाई कानाला पदर लावून बसल्या. "निस्ती आगपाखड चालली ह्या लोकायची," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

तिसऱ्या गाण्यात गायकाने वरचा सूर घेतला आणि त्याचा आवाज फाटला. गिटार थांबली. सगळं थांबलं. त्या हजारोंच्या मैदानात क्षणभर चिडीचूप. मग तो हसून इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणते तो?" जानरावांनी विचारलं.

समता पुढे सरकली. "म्हणते, चुकलं माह्यं. पुन्हा धरतो."

आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या जागी मी फार झिजले आहे, कढईत तळण टाकावं तशी चरचरले. तरी समताने ओळखल्या.

"बाबा, ह्याच ना त्या?"

"ह्याच."

"ह्या तं तो चुकल्यावर वाजवल्या लोकायनं."

जानरावांनी मान खाली घातली. "मले काय मालूम, बाई? टाळ्याच्या आधी ते चूप असलेलं काळं कडं दिसे, म्हणून जागा सापडे. तुले कमी पडू नये, एवढंच पाह्यलं म्या. तिथंच चुकलो. तुयं गाणं बंद पाडलं म्या."

माझ्यात तो गायक पुन्हा तेच गाणं धरत होता आणि या खेपेला सूर लागला. मग, इतक्या वर्षांनी, चौथं गाणं सुरू झालं. मी जीव ओतून गात होते.

तेवढ्यात समताच्या घशातून काहीतरी निघालं. माझं गाणं नव्हे, तिचं जुनं, जयंतीचं. पहिल्याच ओळीत तिचा आवाज चिरकला. तिने ओठ मिटले.

जानरावांनी मान वर केली. "मंग? धर ना पुन्हा."

ते उठले, काठी न घेता मशीनपर्यंत गेले आणि माझ्यावरची पिन उचलली. चौथं गाणं मधेच तुटलं.

समताने पुन्हा धरलं. आवाज जाडसर झालाय, वर जाताना धाप लागते. तानाबाईंचा पदर कानावरून डोळ्यांवर गेला. धम्मदीपने मोबाईल उलटा ठेवला.

मित्रांनो, मी अजून ओट्यावरच्या फळीवर आहे. माझं चौथं गाणं कुणी पूर्ण ऐकलेलं नाही, आणि दुसरी बाजू तर अजून उलटलेलीच नाही. कुणी ऐकावं असं फार वाटतं, रोज वाटतं. पण तुमच्या घरात गाता गाता गप्प झालेलं कुणी असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि तुमचं जे काही वाजत असेल ते बंद करा. मी थांबते. मला घाई नाही.