तोंड इकडे करून बोला

तापाने ताईचे दोन्ही कान नेले. हात मात्र जागेवर होते, आणि नजर तर पूर्वीपेक्षा तेज झाली होती. सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या मशीनवर तिची उमेदीची सगळी वर्षं गेलेली. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. ओठ वाचायला शिकून ती कामावर परतली, तर तिच्या मशीनवर दुसरीच बाई उभी. मॅनेजरने तिला मागच्या खोलीत नेलं आणि निवडायच्या चिंध्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"तुमच्याच भल्यासाठी," तो ओठ ताणताणून म्हणाला. "धोक्याची घंटा ऐकू येणार नाही. उद्या बोट गेलं तर?"

"घंटेच्या जोडीला दिवा लावा. लाल. मला दिसतं."

तो नुसताच हसला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी दादा म्हणाला, "पगार तोच देतायत ना? मग कशाला नसता उपद्व्याप? दुसऱ्याने हाकललं असतं."

"उपकार करतायत का माझ्यावर?" ताई एवढ्या जोरात ओरडली की शेजारी दार उघडून बाहेर आले. आपला आवाज किती चढलाय, ते तिला कुठे कळत होतं! आणि कळलं असतं तरी तिने तो खाली आणला नसता.

तिने कामगार कार्यालयात तक्रार ठोकली. सुनावणीला कंपनीचा वकील अधिकारी बाईंकडे वळून बोलत राहिला. ताईला दिसत होती फक्त त्याची पाठ. ती ताडकन उठली.

"तोंड इकडे करून बोला. तक्रार माझी आहे."

"तुम्हाला नंतर लिहून देऊ ना," वकील म्हणाला.

"नंतर नाही, आत्ता," अधिकारी बाईंनी त्याला दटावलं आणि त्याची खुर्ची फिरवायला लावली.

मग साक्षीला उभी राहिली शिलाईवरची मावशी. ताईच्या डब्यात रोज हात घालणारी. ती म्हणाली, "मालाच्या ढकलगाडीखाली येता येता वाचली ही. मागून हाका मारल्या, पण हिचं लक्षच नाही." ताईने शब्द न् शब्द ओठांवरून टिपला.

"कधीची गोष्ट?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मावशी मॅनेजरकडे बघायला लागली. "ते... तापाच्या आधी."

"म्हणजे तेव्हा त्यांना ऐकू येत होतं."

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

निकाल ताईच्या बाजूने लागला. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला खालच्या कामावर ढकलता येत नाही. सोय करून देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही, असं अधिकारी बाईंनी रोखठोक सुनावलं. बरीच चालढकल करून अखेर दिवा बसला, मशीन परत मिळालं.

निकालाच्या दिवशी कार्यालयाबाहेर मावशी आडवी आली. "पोटासाठी बोलले गं."

"माझ्या पोटावर पाय देऊन," ताई म्हणाली आणि चालू लागली.

मशीनवर परतल्यावर पहिल्याच दिवशी मॅनेजर फोटोग्राफरला घेऊन हजर. भिंतीवर नवाकोरा फलक: 'आम्ही दिव्यांगांच्या पाठीशी.'

"जरा हसा ना, ताई," तो गोड गोड बोलला.

ताईने आधी फलक वाचला, मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा खाली उतरवा. नाहीतर मी फाडते," ती म्हणाली आणि सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं.